वर्षाच्या शेवटच्या रात्रीची भक्ती: मंडळीसाठी तयारीची यादी

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीची तयारी म्हटली की आपल्या मेथोडिस्ट मंडळीत (चर्चमध्ये) चर्चा गाण्यांवरून सुरू होते आणि केकवर येऊन थांबते. माझं आग्रहाचं सांगणं असं आहे की यादीचं पहिलं पान भक्ती सुटल्यानंतरचं असावं. रात्री पाऊण वाजता ऐरोलीच्या हॉलमधून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस घरी कसा पोचणार, कोणाबरोबर पोचणार, हे आधी लिहून काढा. ते ठरलं की भक्ती किती वाजता सुरू करायची, संदेश किती लांबवायचा, चहा आधी की नंतर, ही उत्तरं त्यातूनच मिळतात.

हा विचार काही नवा नाही. १७४० च्या सुमारास इंग्लंडातल्या ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडमधले कोळसा खाणीतले कामगार एकत्र जमून रात्रीचा बराच वेळ प्रार्थनेत आणि गीतांत घालवू लागले. त्यातल्या कितीतरी जणांच्या शनिवारच्या रात्री पूर्वी गुत्त्यात जायच्या. हे रात्रीचं जमणं थांबवा, असं काहींनी मेथोडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींना सुचवलं. वेस्लींनी ते थांबवलं तर नाहीच, उलट स्वतः तिथे जायचं ठरवलं आणि त्यासाठी पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार निवडला. कारण एवढंच, की लोकांना येता-जाता वाटेवर उजेड असावा. आपल्या या रात्रीच्या जागरणाचं मूळ तिथलं आहे.

आपल्याला चंद्र बघायची गरज नाही, पण रेल्वेचं वेळापत्रक बघावं लागतं. आपली माणसं दिघा, रबाळे, घणसोली, कोपरखैरण्याहून येतात, काही कळवा-ठाण्याहून, एखाददुसरं कुटुंब मुलुंडहून पूल ओलांडून. मध्य रेल्वे ३१ च्या रात्री जादा लोकल सोडते, पण त्या बहुधा मेन आणि हार्बरवर असतात. ठाणे-वाशी-पनवेल मार्गावरच्या माणसाने त्यांच्या भरवशावर राहू नये. त्या वर्षीची घोषणा आली की कोणीतरी ती नीट वाचून सगळ्यांना सांगावी. मग एक वही करा आणि तिच्यात चार रकाने पाडा: नाव, राहायची जागा, परत कशाने, कोणाबरोबर. चारचाकीवाल्यांना डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारीच विचारून ठेवा की त्यांच्या गाडीत किती जागा रिकाम्या आहेत. रिक्षाने जाणाऱ्यांना आठवण द्या की मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत मीटरवर पंचवीस टक्के जास्त पडतात. ज्यांना तेवढे जड जातील त्यांच्याशी स्टुअर्डने (मंडळीचा पैशांचा कारभार बघणाऱ्याने) बाजूला घेऊन आधीच बोलावं, चारचौघांत नको. एकट्या राहणाऱ्या बायका आणि नोकरीसाठी गावाहून आलेली मुलं यांच्यासमोरचा शेवटचा रकाना कोरा राहता कामा नये. टोलनाक्यावर त्या रात्री पोलिसांची नाकाबंदी असतेच, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने लायसन्स खिशात ठेवावं आणि घरच्यांना पंधरा-वीस मिनिटं उशीर धरायला सांगावं.

हे फोन एकट्या सेक्रेटरीने करू नयेत. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या मेथोडिस्टांनी प्रार्थनाघराचं कर्ज फेडायला दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरवलं आणि त्यासाठी बारा-बारा जणांचे गट पाडले. गटाचा पुढारी घरोघरी जाऊ लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पेनीपेक्षा माणसाची विचारपूस महत्त्वाची आहे. क्लास आणि क्लास लीडर ही आपली पद्धत तिथून आली. अमेरिकन मेथोडिस्ट प्रचारक विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले, तेव्हा इथेही सुरुवात घराघरांत जमणाऱ्या छोट्या गटांपासूनच झाली. तेव्हा बारा जणांमागे एक फोन करणारा नेमा. त्याने परतीचं विचारावं आणि त्याच दमात तब्येतीचंही.

आता हॉल. शाळेचा हॉल भाड्याने घेत असाल तर परवानगीचं पत्र नोव्हेंबरातच द्या. पत्रात वेळ ‘रात्री ९ ते १.३०’ अशी स्पष्ट लिहा, म्हणजे वॉचमनकाकांची पंचाईत होणार नाही. त्यांच्याही हातात त्या पत्राची एक प्रत असावी, आणि चहा-फराळ त्यांना सगळ्यात आधी मिळावा. शौचालयाची किल्ली कोणाकडे, मीटरबॉक्स कुठे, खालचा दिवा कोण लावणार, हे एका फेरीत बघून घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्या वर्षीच्या यादीत ३१ डिसेंबर आहे का, ते बघून घ्या. असला तरी बाहेरचा कर्णा लावूच नये, असं माझं मत आहे. आतल्या दोन स्पीकरवर भागतं, आणि समोरच्या सोसायटीतलं आजारी माणूस आपल्यामुळे जागं राहत नाही.

पाळकसाहेबांकडे दुसरीही मंडळी असेल तर त्यांच्या दोन्हीकडच्या वेळा पहिल्यांदा जुळवा. गीतं, साक्षी (आपापले अनुभव सांगणं), संदेश हे स्थानिक उपदेशक सांभाळू शकतात, प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला, मात्र पाळकसाहेबच लागतात. ते आधी दुसरीकडे जाणार असतील तर तिथून आपल्याकडे त्यांना कोण आणणार, हेही वहीत लिहा.

सगळ्यात जपून करायचं काम नावांचं आहे. वर्षभरात प्रभूकडे गेलेल्यांची, बाप्तिस्मा झालेल्या बाळांची, लग्न झालेल्या जोडप्यांची नावं आपण त्या रात्री वाचतो. ती रजिस्टरवरून उतरवून घ्या, आठवणीवर विसंबू नका. उतरवलेला कागद घेऊन प्रत्येक घरी एक फोन करा: आजींचं नाव रजिस्टरात आहे तसं वाचायचं, की सगळे ज्या नावाने हाक मारायचे ते? गावाला दफन झालेल्यांची नोंद आपल्याकडे नसते, म्हणून क्लास लीडरना वेगळं विचारा. ज्या घरात मूल जन्माआधीच गेलं असेल तिथे नाव वाचलेलं हवं आहे का, हे पाळकबाईंनी किंवा महिला मंडळातल्या जवळच्या कोणीतरी हळुवार विचारावं. आईने नको म्हटलं तर नको. कागदावर प्रत्येक नाव वेगळ्या ओळीवर, मोठ्या अक्षरात लिहा आणि वाचणाऱ्याने ते आदल्या दिवशी मोठ्याने वाचून बघावं. दोन नावांमध्ये एक श्वास थांबावं. ज्यांच्या घरचं नाव वाचलं जाणार आहे त्या माणसाच्या शेजारी त्या रात्री कोण बसणार, हेही ठरवून ठेवा. यंदा पहिल्यांदाच एकटे येणारे काका मागच्या बाकावर एकटेच बसले, असं होता कामा नये.

प्रभुभोजनासाठी आपण न आंबवलेला द्राक्षरस वापरतो. १८६९ मध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी, थॉमस वेल्च या मेथोडिस्ट दंतवैद्याने रस बाटलीत भरून उकळत्या पाण्यात ठेवला आणि तो आंबत नाही हे दाखवलं. तो स्वतः मंडळीत प्रभुभोजनाची व्यवस्था बघायचा. डिसेंबरात आपल्याकडे काळी द्राक्षं धड आलेली नसतात, जी येतात ती महाग आणि आंबट. त्यामुळे काळ्या मनुकांचा रस बरा. अर्धा किलो मनुका तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी त्याच पाण्यात आणखी पाणी घालून मंद आचेवर शिजवाव्यात, गार झाल्यावर हाताने कुस्कराव्यात आणि मलमलच्या धुतलेल्या कापडातून दोनदा गाळाव्यात. दुसऱ्यांदा गाळलं नाही तर पेल्याच्या तळाशी गाळ बसतो. गाळलेल्या रसाला पुन्हा एक उकळी द्या, उकळलेल्या बाटलीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. हे काम ३० तारखेला करायचं. छोट्या शंभर पेल्यांना दीड लिटर रस पुरतो, पण दोन लिटर करा, उरलेला लागणारच आहे. पेले महिला मंडळ धुतं, ते पुसून पालथे घालायला तरुण संघाची दोन मुलं द्या. भाकर एकाच घरून यावी, आणि ते घर दर वर्षी बदलावं. गुडघे टेकता येत नाहीत अशांसाठी वेदीच्या कठड्याजवळ हाताच्या चार खुर्च्या आधीच मांडून ठेवा, म्हणजे कोणाला सगळ्यांसमोर खुर्ची मागावी लागणार नाही.

कराराची भक्ती, म्हणजे आपण देवाचे आहोत हा करार सगळ्यांनी मिळून म्हणायची भक्ती, वेस्लींनी पहिल्यांदा ११ ऑगस्ट १७५५ ला लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये घेतली. पुढे ती वर्षारंभाशी जोडली गेली. काही मंडळ्या ती जानेवारीच्या पहिल्या रविवारी घेतात, काही ३१ च्या रात्रीच. तुम्ही रात्री घेणार असाल तर कराराचा कागद आधीच्या रविवारी घरोघरी द्या. मी स्वतःचा नाही, तुझा आहे. मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव. असं देवाला सांगायचं आहे. डोळ्यांवर झोप असताना, पावणेबाराला पहिल्यांदा वाचून कोणी हे बोलू नये. ज्याची नोकरी याच वर्षी गेली आहे त्याला ‘बाजूला ठेव’ म्हणणं किती कठीण जात असेल! त्याला ते आधी घरी वाचू द्या, हवं तर पाळकसाहेबांशी बोलू द्या. ज्याला म्हणावंसं वाटत नाही त्याने गप्प उभं राहिलं तरी चालेल, हे पाळकसाहेबांनी स्वतः सांगावं. काही प्रती मोठ्या टायपात काढा.

रात्रीच्या क्रमात अकरा पन्नासपासूनची दहा मिनिटं कोणालाही देऊ नका. तेव्हा सगळे गुडघ्यांवर, मुक्याने प्रार्थनेत. बाहेर फटाके वाजतील, वाजू द्यात. ऑर्गनवाल्या दादांनाही ती दहा मिनिटं मोकळी मिळावीत.

लहान मुलं अकराला पेंगतात. शेजारच्या वर्गात सतरंज्या, चादरी आणि डासांची अगरबत्ती ठेवा, खाडी जवळ आहे. तिथे कायम दोन मोठी माणसं हवीत, एक नव्हे, आणि अर्ध्या तासाने पाळी बदलावी म्हणजे त्यांनाही भक्ती मिळेल. साखरेचा आजार असलेल्यांनी जेवून आणि गोळी घेऊनच यावं. चहा शंभर कपांचा धरला तर पाच लिटर दूध, तेवढंच पाणी, किलोभर साखर, पाव किलो पावडर आणि भरपूर आलं. बिनसाखरेची एक किटली वेगळी. फराळ नाताळातला उरलेला चालतो. अर्पण दोघांनी मोजावं, वहीत दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि पैसे एकट्या माणसाबरोबर जाऊ नयेत.

शेवटी जे येऊच शकत नाहीत त्यांची यादी. रात्रपाळीच्या नर्सताई, एमआयडीसीत गेटवर उभे असलेले दादा, आयटी पार्कातली मुलं, अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा. ड्युटीवाल्यांना १ जानेवारीच्या सकाळच्या भक्तीची वेळ आधी कळवा आणि तीत प्रभुभोजन ठेवता येईल का, ते पाळकसाहेबांना विचारा. घरी असलेल्यांसाठी तो उरलेला रस आहे. घणसोली-कोपरखैरण्याची घरं पहिल्या दिवशी, कळवा-ठाण्याची दुसऱ्या दिवशी, असे भाग पाडा. पाळकसाहेबांबरोबर त्या घराशी ओळख असलेलं एक माणूस द्या, जाण्याआधी फोन करा, आणि मोठ्या टायपातला कराराचा कागद त्या घरीही न्या.