छतावरची वीज फीडरला जोडताना

ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघ्याहून तुर्भ्याकडे निघाले की डाव्या हाताला पारसिकच्या डोंगरापर्यंत औद्योगिक वसाहतीचे पत्रे दिसत राहतात. या पत्र्यांवर उभे केलेले सौर संच महावितरणच्या जाळ्याला जोडून देणे, हे गेली अकरा वर्षे माझे काम आहे. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुले-मुली भेटतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात बहुधा पॅनेल आणि त्याची कार्यक्षमता एवढेच असते. पॅनेल बसवणे हा या व्यवसायातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. आपली केबल जिथे जाळ्याला मिळते त्या जागेची जबाबदारी घेणारा माणूस मात्र सहजासहजी मिळत नाही, आणि मीही सुरुवातीला तशी नव्हते.

या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांना २२ केव्ही दाबाने पुरवठा होतो. कारखान्याच्या फाटकापाशी मीटरचे क्युबिकल असते, त्यापुढे ग्राहकाचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर २२ केव्हीचे ४३३ व्होल्ट करतो आणि तिथून मुख्य पॅनेलमध्ये, म्हणजे कारखानाभर वीज वाटणाऱ्या स्विचबोर्डमध्ये, वीज येते. सौर संचाचे इन्व्हर्टर, म्हणजे सौर पॅनेलची डीसी वीज जाळ्याच्या एसी विजेत बदलणारी यंत्रे, बहुधा याच मुख्य पॅनेलवर, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला जोडले जातात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९च्या विनियमांनुसार नेट मीटरिंग (जाळ्याला दिलेली वीज बिलातून वजा होण्याची सोय) घ्यायचे असेल तर संचाची क्षमता ग्राहकाच्या करारमागणीपेक्षा, म्हणजे महावितरणशी ठरलेल्या कमाल मागणीपेक्षा, जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे कोणत्याही जागी गेल्यावर मी आधी वीजबिल मागते आणि मगच छताची शिडी चढते. छतावर जागा भरपूर आणि करारमागणी तुटपुंजी, अशी कितीतरी गोदामे महापे-पावणे भागात आहेत. डोंगराच्या अगदी पायथ्याशी असलेल्या भूखंडांवर सकाळचे ऊन उशिरा पोहोचते, हेही जागेवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

अर्ज, तांत्रिक व्यवहार्यता, मंजुरी, करार, विद्युत निरीक्षकांची परवानगी, मीटरची चाचणी आणि मग प्रत्यक्ष जोडणी, असा कागदांचा क्रम असतो. तो दोन-तीन कामांत अंगवळणी पडतो, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. या सगळ्या कागदांत जीव असतो तो एका कागदात, तो म्हणजे एकरेषीय आकृती, वीज कुठून कुठे जाते याचा एका रेषेतला नकाशा, जिला सगळे ‘एसएलडी’ म्हणतात. कारखान्याच्या फायलीतली एसएलडी जशीच्या तशी उचलू नका. वीस वर्षांत पॅनेलमध्ये कोणी काय वाढवले आणि काय काढले, याची नोंद त्या कागदावर क्वचितच असते. ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट फडक्याने पुसून वाचा, प्रत्येक ब्रेकरची केबल डोळ्यांनी शेवटपर्यंत माग काढून पाहा आणि आकृती स्वतःच्या हाताने काढा. हे मी नुकसान सोसून शिकले आहे.

रबाळ्यातल्या एका कारखान्यात आम्ही सुमारे चारशे किलोवॉटचा संच जोडला होता. युनिट उत्तम येत होते, मालक खूश होते, आणि पहिले बिल आल्यावर तिथले देखभाल विभागाचे प्रमुख शांतपणे म्हणाले, “मॅडम, युनिट कमी झाले, पण बिल तेवढे कमी झालेले दिसत नाही. पॉवर फॅक्टर एकदा बघता का?” तोवर ०.९५च्या आसपास असणारा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या एकूण विजेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेचे प्रमाण) दुपारच्या वेळी निम्म्यावर आला होता.

यामागचे गणित नवख्याने एकदा कागदावर मांडून पाहावे. कारखान्याचा भार ५०० किलोवॉट आणि पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर त्याला साधारण १६४ केव्हीएआर रिॲक्टिव्ह वीजही, म्हणजे मोटरसारख्या यंत्रांचे चुंबकीय क्षेत्र टिकवणारी पण प्रत्यक्ष काम न करणारी वीज, लागते. भर दुपारी सौर संच ४०० किलोवॉट देतो, तेव्हा जाळ्याकडून १०० किलोवॉटच घ्यावे लागतात, पण १६४ केव्हीएआर मात्र पूर्वीइतकेच घ्यावे लागतात, कारण इन्व्हर्टर नेहमीच्या सेटिंगला फक्त सक्रिय, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी वीज देतो. मग जाळ्याच्या मीटरला दोन्ही मिळून (दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ) दिसतात १९२ केव्हीए, आणि पॉवर फॅक्टर होतो ०.५२. उच्चदाब ग्राहकांची आकारणी १ एप्रिल २०२०पासून केव्हीएएचवर, म्हणजे दोन्ही प्रकारची वीज धरून मोजलेल्या युनिटवर होते, त्यामुळे हा फरक थेट बिलात उतरतो.

रिॲक्टिव्ह वीज जागेवरच पुरवणारे कपॅसिटरचे स्वयंचलित पॅनेल त्या कारखान्यात होते आणि ते उत्तम चालतही होते. त्याला माहिती देणारा सीटी (तारेतला प्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर) मात्र आमच्या सौर जोडणीच्या खालच्या बाजूला, भाराकडे बसलेला होता. त्याला दिसत होता तो फक्त कारखान्याचा ०.९५चा भार, म्हणून ते पॅनेल निवांत होते, आणि वरच्या बाजूला काय चालले आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. जुन्या एसएलडीवर तो सीटी मुख्य इनकमरवर, म्हणजे पॅनेलमध्ये वीज जिथून येते त्या ब्रेकरवर काढलेला होता आणि मी त्या कागदावर विश्वास ठेवला होता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी शटडाऊन घेऊन आम्ही सीटी वर सरकवला आणि कपॅसिटरच्या मोठ्या बँकांचे लहान टप्पे केले, म्हणजे थोडी गरज असतानाही एखादा टप्पा आत येऊ शकतो. खर्च आमच्या माथी आला, आणि तो यायलाच हवा होता.

दुसरा विषय संरक्षणाचा. जाळ्याचा पुरवठा गेला की इन्व्हर्टरने स्वतःहून बंद व्हावे, हा या कामातला सगळ्यात कडक नियम आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे ४०० केव्ही वाहिन्यांतल्या बिघाडानंतर मुंबईसह ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली, तेव्हा आमच्या जवळजवळ प्रत्येक ग्राहकाचा फोन आला की दिवसाढवळ्या सौर संच का बंद पडला. तो बंद पडला हेच बरोबर होते. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी वाहिनी, मृत आहे असे समजून लाइनमन तारेला हात लावतो, त्या वेळी एखाद्या छतावरून उलटी वीज त्या तारेवर चढली तर काय होईल, हे ग्राहकाला शांतपणे समजावून सांगता येणे हाही आपल्या कामाचा भाग आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३च्या विनियमांत व्होल्टेज ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेल्यास २ सेकंदांत वेगळे होणे आणि पुरवठा स्थिर झाल्यावर निदान ६० सेकंद थांबूनच पुन्हा जुळणे, अशा अटी घातल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद आणि ऊन कडक असले की सगळी वीज बाहेर जाऊ लागते, व्होल्टेज चढते आणि इन्व्हर्टर दुपारी पुन्हा पुन्हा तुटतो. ही तक्रार आली तर आधी केबलची जाडी आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) तपासा, इन्व्हर्टरची मर्यादा वाढवण्याच्या मोहात पडू नका.

डिझेल जनरेटरचा प्रश्न याहून नाजूक असतो. जनरेटर सुरू झाला की इन्व्हर्टरला तेच जाळे वाटते आणि तो त्याच्याशी जुळतो. भार थोडा असेल तर सौर वीज जनरेटरमध्ये उलटी शिरू पाहते. म्हणून सौर उत्पादन आवरते ठेवणारा नियंत्रक आणि रिव्हर्स पॉवर रिले (वीज उलटी वाहू लागली की जोडणी तोडायला लावणारे उपकरण), दोन्ही लावावे लागतात, आणि रिले नुसता बसवून भागत नाही, तो प्रत्यक्ष चालवून दाखवावा लागतो.

मीटरच्या कामात घाई करू नये. सौर उत्पादनाच्या मीटरवर अपेक्षेच्या नेमक्या एक-तृतीयांश इतकेच युनिट दिसत असतील, तर पॅनेल धुवायला माणसे पाठवण्याआधी सीटीची दिशा बघा. तीनपैकी एक सीटी उलटा बसला की दोन फेजांच्या बेरजेतून तिसरा वजा होतो.

शिक्षणाबद्दल थोडेच सांगते. पदविका असो वा पदवी, विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना लवकर काढा, कारण त्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या अहवालावर तुमच्या सहीला किंमत नाही. सॉफ्टवेअरमधले आराखडे नंतर शिकता येतील; पहिली दोन वर्षे रिले टेस्टिंग करणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाच्या मागे किट उचलून फिरा. मेगावॉटमधले, वाहिनी टाकून महापारेषण या राज्याच्या पारेषण कंपनीच्या उपकेंद्राला जोडायचे प्रकल्पही पुढे मिळतील, पण तिथेही हेच प्रश्न जास्त दाबावर भेटतात.

जोडणीच्या दिवशी आमच्याकडे एक ठरलेला क्रम असतो. फेजचा क्रम तपासून इन्व्हर्टर एकेक करून वर घेतले जातात, भार वाढवला जातो, आणि मग महावितरणच्या अभियंत्यांसमोर मुख्य ब्रेकर मुद्दाम पाडला जातो. मीटर-रूममधला पंखा थांबतो, इन्व्हर्टरचे दिवे लाल होतात, आणि सगळे पडद्यावरच्या शून्याची खात्री करतात. मग ब्रेकर परत चढवायचा आणि घड्याळ लावायचे. पहिला इन्व्हर्टर साठाव्या सेकंदाच्या आत सुरू झाला तर त्या दिवशी सही होत नाही. सेटिंग दुरुस्त करायचे आणि ब्रेकर पुन्हा पाडायचा.