फझ पेडल कसं लावावं आणि कसं वाजवावं

फझ म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत, घरघरता करणारं पेडल. त्यातलं फझ फेस जातीचं एखादं नवं पेडल आणलं, पेडल मांडायच्या बोर्डावर रिकामी जागा होती तिथे बसवलं, सगळ्या पेडलना जाणाऱ्या अडॅप्टरची एक पिन त्यात खोचली आणि गिटार छेडली. आवाज आला तो पातळ, कर्कश, डबीत माशी कोंडल्यासारखा. मग माणूस पेडलला नावं ठेवतो आणि महिन्याभरात विकायला काढतो. बहुतेक वेळा पेडल चांगलंच असतं, चुकलेली असते ती जोडणी. साठच्या दशकातलं हे सर्किट एकट्यानं काम करत नाही. गिटारचे पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी चुंबकी वेटोळी) आणि तिच्यावरचा व्हॉल्यूमचा नॉब हे त्याचेच भाग धरून ते लावावं लागतं.

आधी आपल्याकडे कुठल्या घराण्याचं पेडल आहे ते बघा. १९६२ साली गिब्सननं माएस्ट्रो फझ-टोन बाजारात आणलं. १९६५ मध्ये लंडनला टोन बेंडर आलं, १९६६ मध्ये आर्बिटरचं गोल तबकडीसारखं फझ फेस आणि १९६९ मध्ये न्यूयॉर्कचं बिग मफ. फझ फेसमध्ये ट्रान्झिस्टर दोनच, बिग मफमध्ये चार. बिग मफ तसं सोशीक आहे, कुठेही बसवा, चालवून घेतं. नखरे असतात ते फझ फेसचे, म्हणून इथे मुख्यतः त्याच्याबद्दल.

ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे की सिलिकॉनचे, हा वाद तुम्हाला ऐकावा लागेलच. जर्मेनियमचा आवाज मऊ असतो, हे खरं. पण जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून मुळातच थोडा करंट गळत असतो आणि उष्णता वाढली की ही गळतीही वाढते. संध्याकाळी घरी सुरेख वाजलेलं पेडल मे महिन्यात दुपारच्या साउंड चेकला, मोकळ्या मैदानावर, घसा बसल्यासारखं वाजू शकतं. आपल्या हवेत पहिलं पेडल सिलिकॉनचं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत. बीसी१०८ किंवा बीसी१८३ ट्रान्झिस्टर असलेलं कुठलंही बरं पेडल चालेल.

जागा: सगळ्यात पुढे

गिटारची केबल थेट फझमध्ये जाऊ द्या. मध्ये काही नको. नेहमीच्या पेडलचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, पाच लाख ते दहा लाख ओहमच्या घरात असतो, फझ फेसचा जेमतेम काही हजार. त्यामुळे ते पिकअपवर भार टाकतं, आणि त्या भारामुळेच वरची कर्कश धार कापली जाऊन आवाज गोल होतो. मध्ये बफर (सिग्नल पुढच्या भारापासून वेगळा ठेवणारं छोटं सर्किट) असलेलं पेडल आलं की पिकअप आणि फझ यांची गाठच पडत नाही. बॉसची पेडल बंद असतानाही त्यांचा बफर चालू असतो, तेव्हा तसला ट्यूनर फझच्या नंतर लावा. पायानं मागे-पुढे दाबून 'वा-वा' असा आवाज काढायचं वॉ पेडलही नंतरच. ते आधी लावलं तर त्याची फिरत निम्मी होते, कधीकधी तर ते शिट्टीच मारायला लागतं. वायरलेस वापरत असाल तर रिसीव्हरसुद्धा बफरसारखाच वागतो, हे लक्षात असू द्या.

वीज: इथे घाई नको

जुन्या धाटणीचं जर्मेनियम फझ फेस बहुधा पीएनपी नावाच्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचं असतं. त्यात ग्राउंडला बॅटरीचं धन टोक जोडलेलं असतं. बाकी बहुतेक पेडलमध्ये नेमकं उलट. अशी दोन पेडल एकाच अडॅप्टरच्या माळेत ओवली की केबलच्या ग्राउंडमधून अडॅप्टरची दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि शॉर्ट होतो. म्हणून पेडलवर किंवा सोबतच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. खात्री नसेल तर बॅटरीच घाला. नऊ व्होल्टची साधी कार्बन-झिंक बॅटरी पुरते, हे सर्किट वीज फारच कमी खातं. फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल उपसून ठेवा. बहुतेक पेडलमध्ये बॅटरी त्या जॅकवरच चालू-बंद होते.

नॉब: आधी गिटारचा

आता पेडलवरचा फझ नॉब जवळजवळ पूर्ण फिरवा. पेडल चालू आणि बंद दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी राहील, किंवा चालू असताना किंचित वर जाईल, इतका व्हॉल्यूम ठेवा. ॲम्प अगदी कोरा करकरीत ठेवू नका. आवाज जरा फाटायच्या बेतात असलेल्या ॲम्पवर फझ भरीव वाजतो. घरी ऑडिओ इंटरफेसवर वाजवत असाल तर इंटरफेसचा इनपुट इन्स्ट्रुमेंटवर ठेवा आणि कॉम्प्युटरमध्ये ॲम्प व कॅबिनेट (स्पीकरची पेटी) या दोन्हींची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लावा. कॅबिनेट नसेल तर कान किटतील.

आता फझ बंद न करता गिटारचा व्हॉल्यूम दहावरून हळूहळू खाली आणा. आठवर गुरगुर कमी होते. सात-साडेसहाच्या आसपास एकदम पडदा उघडल्यासारखा आवाज स्वच्छ होतो, चकाकतो, आणि जोरात छेडलं तरच जरासा खरखरतो. ही जागा प्रत्येक गिटारवर वेगळी असते. ती शोधा आणि करंगळीनं नॉब फिरवायचा सराव करा. लीडला दहा, मागे साथ करताना साडेसहा. पाय पेडलकडे न्यायची गरजच पडत नाही. पूर्ण फझवर सहा तारांचा कॉर्ड मात्र वाजवू नका, सगळे स्वर एकमेकांत गिचमिड होतात. दोन तारांचा पॉवर कॉर्ड किंवा सुटे स्वर घ्या.

बासवर

मुळात या आवाजाची ओळख लोकांना झाली ती सहा तारांच्या बासवर. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला मिक्सिंग कन्सोलचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा सोलो घरघरत उतरला. तो तसाच ठेवला गेला, गाणं १९६१ मध्ये गाजलं, आणि इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी तोच आवाज पेडलमध्ये आणायचा घाट घातला. त्यातून पुढे फझ-टोन आलं.

बास एकेरी स्वरांत वाजतो, त्यामुळे गिचमिडीचा प्रश्न फारसा नाही. प्रश्न खर्जाचा. जाड ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि फझमधून गेल्यावर तिचा तळ हरवतो. उपाय म्हणजे ब्लेंड नॉब (मूळ स्वच्छ आवाज फझमध्ये मिसळणारा) असलेलं पेडल, किंवा सिग्नल दोन वाटांनी नेऊन स्वच्छ बास खाली आणि फझ वर ठेवणं. निम्मा-निम्मा करून बघा, मग ड्रमर वाजवत असताना ठरवा. खोलीत एकट्यानं ठरवलेला फझ बँडमध्ये नेहमी जास्तच निघतो. ॲक्टिव्ह बासमध्ये प्रीॲम्प असतो, म्हणजे पुन्हा बफरचीच भानगड. तिथे फझ फेसपेक्षा बिग मफ बरं.

आवाज तुटत असेल तर

बॅटरी नवी असूनही स्वर मध्येच तुटत असेल तर बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला मिळणारं ठरावीक व्होल्टेज, तपासा. झाकण उघडा. ८.२ किलोओहमचा रेझिस्टर शोधा, पट्ट्या राखाडी-लाल-लाल. तो ज्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला (त्याच्या तीन पायांपैकी एकाला) जातो, तिथलं व्होल्टेज मीटरनं मोजा. काळी प्रोब ग्राउंडला लावा. बीसी१०८ची धातूची टोपी आतून कलेक्टरलाच जोडलेली असते, त्यामुळे लाल प्रोब टोपीवर टेकवली तरी चालतं. मीटरवर साडेचारच्या आसपास आकडा यायला हवा. आठ किंवा एक दिसला तर आत ट्रिमर (स्क्रूनं फिरवायचा छोटा नॉब) आहे का बघा आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरनं हळूहळू फिरवा. साडेचार हा काही नियम नव्हे. कुणाला मरायला टेकलेल्या बॅटरीसारखा तुटका, थुंकल्यासारखा आवाजच हवा असतो. तो मिळाला तर तिथेच थांबा आणि झाकण लावा.