व्हिडिओ इंटरव्ह्यू गुरुवारी असेल तर आधी लाईटचं बघा
पुण्यात गुरुवारी बऱ्याच भागात महावितरणची देखभालीची कामं निघतात आणि लाईट जाते, मग लॅपटॉप फुल चार्ज असला तरी राउटर बंद पडतो आणि इंटरव्ह्यू तिथंच अडकतो. म्हणून आदल्या रात्रीच मोबाईलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडून घरातल्या कुणाला तरी 10 मिनिटं व्हिडिओ कॉल करून बघा, आवाज तुटतोय का ते ते सांगतील, आणि जमलं तर राउटरसाठी छोटा यूपीएस घ्याच, खरंच कामाला येतो. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, नाहीतर चेहरा काळा दिसतो. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवा म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या लेव्हलला येतो. आणि हो, कुकरची शिट्टी, तेवढं घरी आधीच सांगून ठेवा.