किड्यासमोर बसण्याआधी

किड्यांचे जवळून फोटो काढायला पहाटे निघायचं असेल तर बॅग आदल्या संध्याकाळीच भरून ठेवावी. किडा समोर आला की शोधाशोध करायची सोय उरत नाही. मी एकदा गवतातून रांगत नाकतोड्याच्या हातभर अंतरावर पोचलो आणि मग फ्लॅश काढायला बॅगेचं व्हेल्क्रो ओढलं. चर्र आवाज झाला आणि समोर नुसतं पातं हलत राहिलं. आखूड मिशांच्या नाकतोड्याचे कान पोटाच्या सुरुवातीला, पंखांखाली असतात, हे ज्ञान नंतरचं. आता माझी बॅग चेनची आहे, तीही अर्धी उघडी ठेवलेली.

लेन्स मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं चित्र घेणारी, असेल तर उत्तम. १:१ म्हणजे वस्तू कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) आहे तेवढ्याच आकाराची उमटते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणून १:१ ला तेवढीच जागा अख्खा फोटो व्यापते. मोठं फुलपाखरू त्यात मावत नाही आणि मुंगी मात्र तरीही चिमुकलीच दिसते. अशी लेन्स नसेल तर लगेच खर्चात पडू नका. आहे त्या लेन्समागे एक्स्टेंशन ट्यूब लावून बघा. तिच्यात काच नसते, ती लेन्सला सेन्सरपासून फक्त दूर धरते, आणि तेवढ्याने जवळचं फोकस होऊ लागतं. घेताना विजेचे संपर्कबिंदू असलेली घ्या, नाहीतर आजच्या बऱ्याच लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) हलवता येत नाही. लेन्स विकतच घ्यायची ठरली तर ६० मिलिमीटरपेक्षा १०० ची बरी. तेवढंच मोठं चित्र आणखी चार-पाच सेंटिमीटर लांबून मिळतं, आणि बुजऱ्या किड्यापुढे ते चार सेंटिमीटर फार मोलाचे.

माझ्या मते खरी तयारी लागते ती उजेडाची. १:१ ला ॲपर्चर एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी नेमका दिसणारा थर जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे डोळा टिपला तर मिशीचं टोक गेलं. तो थर वाढवायला ॲपर्चर आणखी बारीक केलं की प्रकाश विवर्तनामुळे पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. त्यात इतक्या जवळ आल्यावर सेन्सरवर उजेड चौथा हिस्साच पोचतो. म्हणून फ्लॅश हवा, आणि फ्लॅशवर डिफ्युझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा, हवाच हवा. तो किड्याच्या मानाने जितका मोठा आणि जितका जवळ, तितका उजेड मऊ. पांढऱ्या पातळ फोमचा घरी केलेला चालतो. पारख करायला एक काळं चकचकीत बटण टेबलावर ठेवा आणि फोटो काढा. बटणावर टोकदार पांढरा ठिपका उमटला तर भुंगेऱ्याच्या पाठीवरही तोच उमटणार. पसरट, कडा विरलेली चमक दिसेपर्यंत डिफ्युझर वाकवत राहा. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली होती, पण ती सत्कारणी लागली.

सेटिंगही घरीच लावून ठेवायची: मॅन्युअल मोड, शटर १/२०० सेकंद, एफ/११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ पासून सुरुवात. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाच टिकतो, त्यामुळे हाताची थरथर झाकली जाते. ऑटोफोकस बंद करा. लेन्सची फोकस रिंग एका जागी ठेवून स्वतःच पुढे-मागे झुलायचं आणि डोळा स्पष्ट झाला की बटण दाबायचं. याचा सराव तिरप्या ठेवलेल्या पट्टीवर करा. कोणती रेघ नेमकी आली ते लगेच कळतं.

बाकी सामान थोडकं. फ्लॅशचे जादा सेल, कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी, लेन्सचं फडकं, गुडघ्याखाली घालायला चटईचा तुकडा, पूर्ण बाह्या, बंद बूट. कार्ड कॅमेऱ्यात आहे ना ते झाकण उघडूनच बघा. ते संगणकात राहिलेलं असण्याचा अनुभव मला दोनदा आला आहे.

पहाटेच का, तर गारठ्यात किड्यांना हलता येत नाही. काडीला धरून बसलेल्या चतुराच्या डोळ्यांवर दवाचे थेंब तसेच असतात, आणि तो कॅमेरा अगदी जवळ येऊ देतो. आडव्या बाजूने, सेन्सर त्याच्या अंगाला समांतर धरला तर सव्वा मिलिमीटरच्या थरातही डोक्यापासून शेपटापर्यंत बरंच बसतं. पंख थरथरू लागले की अंग तापवणं सुरू झालं समजा. तुमच्याकडे आता थोडाच वेळ आहे. आपली सावली मात्र त्याच्यावर पडू देऊ नका. किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायची युक्ती काही जण सांगतात. ती माझ्या यादीत नाही.

निघताना चटई गुंडाळण्याआधी उलटी करून बघा. खाली बहुतेक वेळा कुणीतरी बसलेलं असतं.