मालवणात स्नॉर्केलिंगला जाताय? आधी तिथी बघा

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पैसे भरून, मास्क नि श्वासाची नळी लावून पाण्यात उतरायचं आणि खाली नुसतं ताकासारखं गढूळ पाणी दिसायचं, असं माझं दोनदा झालं. दोन्ही वेळा पौर्णिमा होती. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, पाण्याची ओढ जोरात, त्यामुळे तळाची वाळू ढवळून निघते.

आता मी भिंतीवरचं कॅलेंडर बघूनच बुकिंग करतो.

१. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अष्टमी ते दशमीच्या आसपासचा दिवस धरा. पक्ष कुठलाही चालेल. हे भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी संथ असतं.

२. तिथीला पाऊण पटीने गुणा, की भरतीची साधारण वेळ निघते. दशमी म्हणजे १० चे पाऊण, साडेसात. त्या सुमाराला उतरा. सकाळी वाराही पडलेला असतो.

३. मास्कच्या कोरड्या काचेला आतून थुंकी चोळून पाण्याने हलकेच विसळा, वाफ धरत नाही. (किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब.) मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतंच, मी नाकाखालची पट्टी तेवढी भादरतो.

दमलात तरी खालच्या खडकावर उभे राहू नका. ते प्रवाळ असतं, मोडतं, आणि पायही कापतो. लाइफ जॅकेटवर पाठीवर तरंगा.