संगणक कक्षातील सर्व संगणकांवर नेटवर्कमधून विंडोज आणि ड्रायव्हर बसवताना

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर किंवा निपाणी परिसरातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात संगणक वीस-तीस असले, तरी ते सांभाळणारा शिक्षक बहुधा एकटाच असतो. प्रत्येक संगणकाला पेनड्राइव्ह लावून विंडोज बसवण्यात त्याचे दिवस जातात आणि एवढे करूनही सर्व संगणक एकसारखे होत नाहीत. त्यापेक्षा एक संगणक मनासारखा तयार करून त्याची प्रतिमा (म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल) नेटवर्कवरून इतरांना पाठवणे चांगले. फॉग ही मोफत आणि मुक्तस्रोत प्रणाली या कामाला पुरेशी आहे. ती लिनक्स बसवलेल्या एखाद्या जुन्या संगणकावरही चालते.

पीएक्सई पद्धतीने, म्हणजे स्वतःच्या डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू होणारा संगणक आधी डीएचसीपीकडून (जाळ्यातल्या संगणकांना पत्ते वाटणारी सेवा) आयपी पत्ता आणि बूट फाइलचे, म्हणजे सुरुवातीला चालवायच्या फाइलचे नाव मिळवतो, मग टीएफटीपी या साध्या फाइल-वहन पद्धतीने ती फाइल उतरवतो आणि त्यानंतरच प्रतिमेचे काम सुरू होते. शाळेच्या इंटरनेट राउटरमध्ये बूट फाइलचे नाव देण्याची सोय सहसा नसते. अशा वेळी त्याच जाळ्यात दुसरा डीएचसीपी सर्व्हर सुरू केल्यास कोणत्या संगणकाला कोणाकडून पत्ता मिळेल, याचा भरवसा राहत नाही. म्हणून कामापुरता वेगळा नेटवर्क स्विच (संगणक केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) घेऊन त्यावर फक्त फॉग सर्व्हर आणि कक्षातले संगणक जोडावेत; तेथे डीएचसीपीचे काम फॉग सर्व्हरच करतो. संगणक सुरू होताना चालणारी मूळ प्रणाली जुन्या बायोस पद्धतीची की नव्या यूईएफआय पद्धतीची, यानुसार वेगवेगळ्या बूट फाइली लागतात, तसेच बहुतेक ठिकाणी सिक्युअर बूट (अनोळखी बूट फाइल रोखणारी सोय) तात्पुरते बंद करावे लागते.

स्विच गिगाबिटचा असावा, हा माझा आग्रह आहे. २० जीबीची प्रतिमा १०० एमबीपीएसच्या स्विचवरून एका संगणकाला द्यायला साधारण अर्धा तास लागतो. तीस संगणकांना एकेक करून द्यायची म्हटल्यास पंधरा तास होतात. मल्टिकास्टमध्ये तीच माहिती सर्वांना एकदाच पाठवली जाते, त्यामुळे एका संगणकाच्या वेळेच्या आसपास पूर्ण कक्ष होतो. मात्र सर्वांची गती सर्वांत मंद संगणकाइतकीच राहते, म्हणून दुखणाईत डिस्क असलेला संगणक आधीच बाजूला काढावा.

मूळ संगणकावर विंडोज बसवल्यावर पहिल्या पडद्यावरच कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबून ऑडिट मोडमध्ये (वापरकर्ता खाते न उघडता विंडोजची तयारी करण्याची अवस्था) जावे आणि सिसप्रेप होईपर्यंत इंटरनेट जोडू नये. सिसप्रेप म्हणजे त्या एका संगणकाची खास ओळख पुसून विंडोज प्रतिमेसाठी तयार करणारे साधन. स्टोअरमधली ॲप एखाद्याच वापरकर्त्यासाठी अद्ययावत झाली, तर पुढे सिसप्रेप अडून बसतो. आपल्या भागात शाळेला कार्यालयीन पत्रे कन्नडमध्ये लिहावी लागतात आणि वर्गात मुलांना मराठी टंकलेखन शिकवायचे असते, म्हणून दोन्ही भाषांचे युनिकोड कीबोर्ड येथेच जोडावेत. निर्मला यूआय हा फॉन्ट देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या दाखवतो.

खरी कसोटी ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला प्रत्येक उपकरण चालवता यावे यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरची असते. कक्षातले संगणक एकाच वेळी आलेले नसतात. काही शासकीय योजनेतले, काही माजी विद्यार्थ्यांनी दिलेले. प्रत्येक मॉडेलसाठी निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आयएनएफ फाइली (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणाऱ्या) असलेले ड्रायव्हर उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि पीएनपीयूटिल या आज्ञेने ते सर्व मूळ संगणकाच्या ड्रायव्हर भांडारात घालावेत. ते उपकरण मूळ संगणकात असण्याची गरज नाही; प्रतिमा दुसऱ्या संगणकावर पोहोचली की विंडोज स्वतःच त्या भांडारातून योग्य ड्रायव्हर निवडते. केवळ सेटअपच्या रूपात मिळणारे ड्रायव्हर आधी उलगडून घ्यावेत. डिस्कच्या बाबतीत विशेष जपावे: बायोसमध्ये डिस्क जोडण्याच्या पद्धतीसाठी एका संगणकावर एएचसीआय आणि दुसऱ्यावर रेड (RAID) अशी निवड असेल, तर प्रतिमा नीट उतरूनही विंडोज निळा पडदा दाखवून थांबू शकते.

यानंतर डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) झालेली नाही याची खात्री करावी आणि सिसप्रेप जनरलाइझ व शटडाउन हे पर्याय देऊन चालवावा. संगणक बंद झाल्यावर त्याला पुन्हा विंडोजमध्ये सुरू होऊ देऊ नये, थेट पीएक्सईने सुरू करून प्रतिमा घ्यावी. अन्यथा सिसप्रेप पुन्हा करावा लागतो.

परवान्याचा प्रश्नही आधीच सोडवावा, कारण संगणकासोबत आलेला ओईएम (निर्मात्याने दिलेला) परवाना अशा प्रतिमा वाटण्याची मुभा देत नाही. त्यासाठी व्हॉल्यूम परवाना, म्हणजे संस्थेने अनेक संगणकांसाठी घेतलेला परवाना लागतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. ती नसलेल्या जुन्या संगणकांवर उबुंटू या मोफत लिनक्स प्रणालीची प्रतिमा याच पद्धतीने पाठवता येते.

पहिली प्रतिमा प्रत्येक मॉडेलच्या एकाच संगणकावर उतरवून पाहावी. पावसाळ्यात खानापूरकडे वीज केव्हा जाईल हे सांगता येत नाही, त्यामुळे सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर असावेत; अर्धवट राहिलेला संगणक पुन्हा सुरू करून काम परत देता येते, पण सर्व्हरवरची प्रतिमा बिघडली तर सगळेच पहिल्यापासून करावे लागते. तीच प्रतिमा एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी, त्यावर तारीख आणि मॉडेलची नावे लिहून.