आरटीईचा अर्ज भरताना या चुका टाळा

आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळेत मोफत प्रवेशाचे, अर्ज सुरू झाले की आमच्या घणसोलीच्या चाळीत संध्याकाळी चार-पाच जणी मोबाईल घेऊन माझ्याकडे येतात. माझ्या मुलीला प्रवेश मिळाला तो दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षीही लॉटरीत नंबर लागला होता, पण पडताळणीत अर्ज बाद झाला. त्याचं कारण कागदपत्रं नव्हे, तर अर्जातला नकाशा होता.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गाच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटातल्या आपल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत आणि आठवीपर्यंत फी नाही. या जागा वाटताना अंतर बघतात. आधी शाळेपासून 1 किलोमीटरच्या आतली मुलं, मग 3 किलोमीटरपर्यंतची. म्हणून अख्ख्या अर्जात सगळ्यात जास्त वेळ घराच्या लोकेशनला द्या.

पत्ता टाइप केला की नकाशा आपणहून कुठेतरी जातो आणि लाल फुगा, म्हणजे घराची खूण, तिथे बसतो. नवी मुंबईत हे हमखास होतं, कारण सेक्टर 9 ऐरोलीत आहे, घणसोलीत आहे आणि वाशीतही आहे. आमचा अर्ज सायबर कॅफेत भरला होता. फुगा स्टेशनजवळ राहिला, शाळा 1 किलोमीटरच्या आत दिसली, तीच लागली. पडताळणी समितीसमोर लाइट बिलावरचा पत्ता आणि फुग्याची जागा जुळेना. मुलगी माझा पदर धरून उभी होती आणि मला तिला घेऊन परत यावं लागलं.

म्हणून आता मी सगळ्यांना घरी बसूनच अर्ज भरायला लावते. नकाशा इतका मोठा करायचा की आपली गल्ली आणि शेजारचं देऊळ दिसलं पाहिजे. मग फुगा बोटाने सरकवून आपल्या छपरावर आणायचा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवायचा. अर्ज पाठवल्यावर चूक लक्षात आली तर मुदत संपायच्या आत तो डिलीट करून नवीन भरा. पहिला तसाच ठेवून दुसरा भरलात तर दोन्ही बाद होतात.

भाड्याने राहणाऱ्यांनी

भाडेकरार नोंदणीकृतच लागतो. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेला चालत नाही. करार अर्ज सुरू होण्याच्या आधीचा आणि किमान 11 महिन्यांचा हवा. घरमालक नोंदणीला तयार होत नाहीत हे मला माहीत आहे, दिघा आणि कळव्याकडच्या बायका दरवर्षी हेच सांगतात. त्यामुळे हा विषय गणपतीतच काढा, अर्ज सुरू झाल्यावर नको. चांगल्या शाळेजवळच्या नातेवाइकाचा पत्ता मात्र लावू नका. तिथे राहत नाही हे उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो.

शाळा निवडताना

दहा शाळा निवडता येतात म्हणून दहाही टाकायच्या असं नाही. लागलेली शाळा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांत तुमचा विचारच होत नाही. ज्या शाळेत मुलाला रोज सोडता येईल तीच निवडा, आणि त्याआधी घरापासून एकदा चालून बघा. रबाळ्यात रेल्वेच्या पूर्वेला घर असेल आणि शाळा पश्चिमेला, तर नकाशावर ती जवळ दिसते. पण ठाणे-बेलापूर रस्ता, रूळ आणि पूल पार करून सहा वर्षांच्या पोराला न्यायचं असतं. ठाण्यात घोडबंदर रोड ओलांडणाऱ्यांचीही तीच गत. नवी मुंबईकरांनी पालिकेच्या सीवूड्स आणि कोपरखैरणे इथल्या सीबीएसई शाळांचीही चौकशी करून ठेवावी. त्यांचे प्रवेश वेगळे होतात.

वर्षाची कमाई लाखाच्या वर आहे म्हणून कित्येक जणी अर्जच भरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. 1 लाखाची अट दुर्बल घटकासाठी आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी मुलांना वंचित गटातून अर्ज करता येतो, तिथे उत्पन्न बघत नाहीत. जातीचा दाखला महाराष्ट्राचाच लागतो.

नियम बदलले की

9 फेब्रुवारी 2024 ला सरकारने नियम बदलला. 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. ठाणे-नवी मुंबईत पालिकेची शाळा कुठे नाही? खासगी शाळा यादीतून गेल्या आणि पालक घाबरले. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, 19 जुलैला तो बदल रद्दच केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. स्थगितीनंतर सगळ्यांना अर्ज नव्याने भरायचा होता. आमच्या शेजारणीला वाटलं, आपण तर भरलाय. तिचं वर्ष गेलं.

तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना मेसेज बघून कागद जमवू नका, आरटीईच्या सरकारी पोर्टलवर त्या वर्षीच्या सूचना वाचा. पैसे घेऊन नंबर लावून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. लॉटरी पुण्यात निघते, त्याच्या हातात काही नसतं.

नंबर लागला की अलॉटमेंट लेटरची प्रिंट काढून मूळ कागद आणि झेरॉक्स घेऊन आधी पडताळणी समितीकडे जायचं, शाळेत नंतर. एसएमएसची वाट बघू नका, तो बरेचदा येतच नाही. प्रतीक्षा यादीत असाल तर दर दोन दिवसांनी अर्ज क्रमांक टाकून स्थिती बघा. माझ्या मुलीचं नाव प्रतीक्षा यादीतूनच वर आलं होतं, आणि तो मेसेज मला अजून आलेला नाही.